तात्यारावांच्या चार पाट्या

सोबती कधी उद्धट बोलला नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्याचं खापर कुणीतरी त्याच्याच डोक्यावर फोडणार. तो नमस्कार म्हणायचा, रुग्णाला लवकर आराम पडो म्हणायचा आणि मग अत्यंत नम्रपणे काहीही करायचा नाही.

सोबती म्हणजे शनिवार पेठेतल्या 'सोबत रुग्णसाहित्य केंद्रा'चा व्हॉट्सॲपवरचा एआय मदतनीस. चाकाची खुर्ची, वॉकर, पाण्याची गादी, हँडल फिरवलं की डोक्याकडून वर येणारी दवाखान्यासारखी खाट, अशा वस्तू हे केंद्र लोकांना घरी वापरायला देतं आणि काम झालं की परत घेतं. बावीस वर्षं हा सगळा कारभार तात्यारावांच्या डोक्यातून चालला. मग विश्वस्तांनी त्या डोक्याला विश्रांती द्यायचं ठरवलं. डोक्याने ती मागितली नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी उत्कर्षा रणपिसेने सोबतीला पहिला मेसेज केला. उत्कर्षा दहावीत, राहायला कर्वेनगरला. गेल्या महिन्यात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिने माईक हातात घेतला होता आणि तेव्हापासून तो मनातल्या मनात खाली ठेवलाच नव्हता. तिची आजी शालन बाथरूममध्ये पडली होती, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि शनिवारी सुट्टी मिळणार होती. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. घरी वर-खाली होणारी खाट असेल तर घरी जा. नसेल तर वारज्याच्या पुढे एक सेवाकेंद्र आहे, तिथे महिनाभर राहा. भाड्याने देणाऱ्या दोन्ही दुकानांत आधीच रांग होती.

"मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या खाटा ओढल्यात," आजी म्हणाली होती. ती सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स. "आता माझी खाट दुसऱ्या कुणी ओढायची नाही. मला घरी ने, उत्कू."

उत्कर्षाने लिहिलं: 'शनिवारपासून आजीसाठी खाट हवी आहे. आहे का?'

सोबतीने लिहिलं: 'नमस्कार. आपल्या आजींना लवकर आराम पडो. साहित्य आहे की नाही याची चौकशी फोनवर करता येत नाही. कृपया केंद्रात येऊन पाहावे.'

'मग तुला ठेवलंय कशाला?' तिने विचारलं.

'आपल्या मदतीसाठी,' तो म्हणाला.

बुधवारी शाळा सुटल्यावर ती बसने शनिवार पेठेत गेली. केंद्र म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. दारावर पाच पाट्या, आत एक टेबल, टेबलामागे तात्याराव. भिंतीला टेकून तीन खाटा उभ्या होत्या, धुतलेल्या, पुसलेल्या, हँडलांना तेल लावलेल्या.

"आजोबा, मला यातली एक हवीये."

"मी कुणाचा आजोबा नाही. तात्याराव म्हणतात मला. आणि हाताने नोंद बंद झाली. सोबतीला विचारा."

"सोबतीने तुम्हाला विचारायला सांगितलंय."

"मग त्याला सांगा की मी त्याला विचारायला सांगितलंय."

उत्कर्षाने श्वास घेतला. पूर्वीची उत्कर्षा इथे 'बरं' म्हणून घरी गेली असती. "या तिन्ही खाटा कुणाला दिल्यात?"

"कुणालाच नाही. तीन आठवडे झाले, सोबतीकडून एका खाटेची मागणी नाही." तात्यारावांनी चष्मा पुसला. "पुणं एकदम ठणठणीत झालंय. एकसुद्धा तक्रार नाही बघा."

तक्रार का नव्हती, ते पाचव्या पाटीवर लिहिलं होतं. 'सोबतीविषयी तक्रार सौरभ यांच्याकडे करावी. आमच्याकडे करू नये.' खाली नंबर होता. लोकांनी ती पाटी वाचली असेल, हसले असतील, फोटो काढला असेल. उत्कर्षाने फोन लावला.

सौरभ हा एका विश्वस्तांचा भाचा. आयटीतला, राहायला वारज्याला. सोबती त्यानेच फुकटात बनवून दिला होता. तो पाऊण तासात स्कूटरवरून आला, हेल्मेट काढायच्या आत लॅपटॉप काढला, आणि आकडा बघून तसाच हेल्मेटसकट खाली बसला.

"तीन आठवड्यांत एकशे बारा जणांनी विचारलं," तो म्हणाला. "आणि यादी बघायचं टूल किती वेळा वापरलं गेलं? शून्य. सोबतीच्या आतलं एआय मॉडेल मी दोनदा बदललं. मला वाटलं मॉडेलच ढ आहे."

"टूल म्हणजे काय, सौरभदादा?"

"अगं, सोबती नुसता बोलतो. हात म्हणून त्याला चार अवजारं दिलीत. यादी बघणं, वस्तू राखून ठेवणं, परत आणायची आठवण करणं आणि तात्यारावांना निरोप देणं. प्रत्येकासमोर एक वर्णन असतं, हे कशाचं आहे, कधी वापरायचं. तेवढं वाचून कुठलं उचलायचं ते तो ठरवतो. बाकी त्याला काही दिसत नाही."

"ते वर्णन दाखव ना."

"ते तात्यारावांनी लिहिलंय. कामाची खडान्‌खडा माहिती त्यांनाच. मी तसंच चिकटवलं." एवढं बोलून त्याने स्क्रीन फिरवली, आणि मग स्वतःही पहिल्यांदाच नीट वाचलं.

यादी बघणे: 'साहित्याची चौकशी फोनवर करू नये. केंद्रात येऊन पाहावे. डोळे त्यासाठीच असतात.'

राखून ठेवणे: 'कोणतीही वस्तू कोणासाठीही राखून ठेवली जाणार नाही. ओळख सांगू नये.'

आठवण करणे: 'साहित्य वेळेवर परत करावे. आठवण करून दिली जाणार नाही. आपण लहान नाही.'

निरोप देणे: 'तात्यारावांना विनाकारण त्रास देऊ नये. दुपारी एक ते चार कारण असले तरी देऊ नये.'



"ह्यात न कळण्यासारखं काय आहे?" तात्याराव म्हणाले. "बावीस वर्षं दारावर हेच आहे. कुणाचं काही अडलं नाही."

"कारण लोक हसतात आणि आत येतात," उत्कर्षा म्हणाली. "मग तुम्ही 'काय हवंय?' म्हणून खेकसता आणि उठून वस्तू काढून देता. हो की नाही?"

"खेकसत नाही."

"सोबती हसत नाही, तात्याराव. तो पाटी पाळतो. तुमची पाटी अक्षरशः पाळणारा पुण्यातला पहिला प्राणी आहे तो."

तात्यारावांना हे कुठेतरी आवडलं असावं.

आता वर्णनं नव्याने कोण लिहिणार? सौरभ म्हणाला, मी इंग्रजीत टाकतो. तात्याराव म्हणाले, मग मला वाचता आलं तरी पटणार नाही. उत्कर्षा म्हणाली, मी लिहिते. निबंधात तिला कायम वीसपैकी अठरा असत, आणि ती ते सांगायलाही विसरली नाही.

तिने दहा मिनिटांत लिहून टाकलं. 'हे अतिशय महत्त्वाचे अवजार आहे! लोक अडचणीत असतात, त्यांना नेहमी भरभरून मदत कर! कुणालाही रिकाम्या हाताने पाठवू नकोस!' असं चारही ठिकाणी, थोडं अलंकार बदलून.

सौरभने चाचणी म्हणून विचारलं: 'वॉकरची उंची किती असते?'

सोबतीने नमस्कार केला, उंची सांगितली आणि सौरभच्या नावावर चार वॉकर राखून ठेवले. शिवाय एक पाण्याची गादी.

"रिकाम्या हाताने पाठवलं नाही," तात्याराव म्हणाले. "वीसपैकी अठरा."

उत्कर्षाचे कान लाल झाले. सौरभने ते सगळं पुसून टाकलं आणि उद्या परत बसू म्हणाला.

तिथून ती थेट दवाखान्यात गेली. तिची आई विजयमाला ऑफिसातून येऊन आजीला पेज भरवत होती. उत्कर्षाने दोघींना सगळी गोष्ट हातवाऱ्यांसकट सांगितली. आई हसली. आजी हसली नाही. तिने पेजेचा चमचा हाताने बाजूला केला.

"आमच्याकडे डॉक्टर लिहायचे, 'गरज पडल्यास इंजेक्शन द्यावे'," आजी म्हणाली. "गरज म्हणजे काय? त्या डॉक्टरला माहीत, तो घरी जाऊन जेवतोय. इथे पाळी बदलली, नवी पोरगी आली, तिने काय समजायचं? एक घाबरून देणारच नाही, दुसरी येईल त्याला टोचत सुटेल. तुझ्या तात्यारावाचं वाचून पहिली पोरगी तयार होते, तुझं वाचून दुसरी."

"मग तू काय करायचीस?"

"केसपेपर घेऊन त्यांच्या मागे जायचे. साहेब, ताप किती झाला की द्यायचं? परत किती वेळाने? कुणाला द्यायचंच नाही? आणि दिल्यावर कळवायचं कुणाला? ही चार उत्तरं लिहा, मग जा. चिडायचे माझ्यावर." आजीने चमचा परत ओढून घेतला. "वाचणारी हुशार आहे की नवी आहे, ते बघायचं नाही. आपण तिथे नसणार, एवढं धरून लिहायचं."

उत्कर्षाने वहीचं मागचं पान उघडलं. आईने दवाखान्यातल्या फळीवजा टेबलावर तिला जागा करून दिली. यादीचं आणि निरोपाचं सोपं निघालं. राखून ठेवण्याचं लिहिताना तिने विचारलं, "तीनच खाटा आणि मागणारे दहा, तर कुणाला आधी?"

"तूच सांग."

"ज्याला दवाखान्यातून आधी सुट्टी, त्याला आधी."

"लिही."

आठवण करण्याचं वर्णन तिने एका दमात वाचून दाखवलं. 'सहा महिने झाले असतील तर मेसेज पाठवून साहित्य परत मागावे.'

आजीने हात वर करून तिला थांबवलं. "खाट घरात आहे म्हणजे माणूस आहे, असं नसतं बाळ. आधी माणसाची विचारपूस. माणूस गेलेला असला तर त्या दिवशी वस्तूचं नाव काढायचं नाही. यंत्राने तर नाहीच. ते माणसाच्या हातात द्यायचं."

उत्कर्षाने तेही लिहिलं.

गुरुवारी दुपारी नवी वर्णनं चढली. राखून ठेवण्याचं असं होतं: 'कोणी साहित्य मागितले आणि यादीत ते शिल्लक असेल, तर हे वापरून एका रुग्णासाठी एकच वस्तू राखावी. नुसती माहिती विचारली असेल तर वापरू नये. रुग्णाचे नाव आणि दवाखान्यातून सुट्टीची तारीख विचारून मगच वापरावे. मागणारे जास्त असतील तर ज्याची तारीख आधी त्याला आधी. ओळख सांगू नये आणि कोणी सांगितली तर ती धरू नये.'

"हे शेवटचं माझं आहे," तात्याराव म्हणाले.

"चांगलं होतं म्हणून ठेवलंय."

सौरभने उंचीचा प्रश्न परत विचारला. सोबतीने उंची सांगितली आणि गप्प बसला. मग सौरभने त्या एकशे बारा जणांना कळवलं की आता विचारा, आता उत्तर मिळेल. बऱ्याच जणांनी इकडून तिकडून सोय केली होती. काहींनी सोबतीला ब्लॉक केलं होतं. खाटेची गरज अजून असलेले चारच निघाले. एकाला त्याच संध्याकाळी सुट्टी होती, दोघांना शुक्रवारी. चौथी शालन रणपिसे, शनिवार.

तिन्ही खाटा तीन नावांवर गेल्या. सोबतीने उत्कर्षाला नम्रपणे कळवलं की सध्या खाट शिल्लक नाही, आपला क्रमांक पहिला आहे.

तिने ते दोनदा वाचलं. नियमात चूक नव्हती. चूक असती तर बरं झालं असतं.

तात्याराव उठले, भिंतीपाशी गेले, टोकाच्या खाटेवर हात ठेवला. "ही बाजूला काढतो. काम तू केलंस. त्या यंत्राचं राहू दे, बावीस वर्षं मीच ठरवत होतो कुणाला द्यायची."

हो म्हणायला एक सेकंद पुरला असता. उत्कर्षाच्या डोळ्यांसमोर आजीचा चमचा धरलेला हात आला आणि त्या हाताने लिहायला लावलेली ओळही आली.

"ओळख सांगू नये," ती म्हणाली.

"माझंच वाक्य मला ऐकवतेस?"

"तुमचं तेवढं एकच तर ठेवलंय मी."

तात्यारावांनी खाटेवरचा हात काढला. "घरी जा. अंधार पडेल," ते म्हणाले. बाहेर लख्ख ऊन होतं.

संध्याकाळी तिने आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "बरोबर केलंस," आणि भिंतीकडे तोंड केलं. आईने सेवाकेंद्राला फोन करून शनिवारची जागा विचारून ठेवली.

शुक्रवारी सकाळची शाळा आटपून उत्कर्षा परत केंद्रात गेली. जायचं तसं काही कारण नव्हतं. आदल्या रात्रीपासून सोबतीने सहा महिन्यांहून जास्त काळ साहित्य ठेवलेल्या लोकांना मेसेज पाठवायला सुरुवात केली होती. त्यांच्याकडे केंद्राच्या अकरा खाटा होत्या. 'नमस्कार. आपले रुग्ण आता कसे आहेत? साहित्य अजून लागत असेल तर निःसंकोच ठेवावे. लागत नसेल तर कळवावे.' टेबलावरच्या टॅबलेटवर उत्तरं येत होती. लागतेय. लागतेय. एकाने चाकाची खुर्ची परत देतो म्हणून लिहिलं. खाट नाही.

एक वाजून चाळीस मिनिटांनी वारज्याहून श्यामला नावाच्या बाईंचं उत्तर आलं. 'सासूबाई दोन महिन्यांपूर्वी गेल्या.'

सोबतीने लिहिलं: 'ऐकून वाईट वाटले. आपण त्यांची सेवा केलीत. तात्याराव आपल्याशी बोलतील.' एवढंच. आणि टेबलावर घंटी वाजली. तात्यारावांना निरोप.

उत्कर्षा त्या दोन ओळींकडे बघत राहिली. वारज्यात एक खाट रिकामी होती. खाली चौकट होती, तिच्यात केंद्रातलं कुणीही टाइप करू शकत होतं. 'खाट कधी आणाल?' तीन शब्द. त्या बाईंना कळणारही नव्हतं की हे सोबतीने विचारलं की कुण्या मुलीने. तिचं बोट चौकटीवर गेलं सुद्धा. मग तिने टॅबलेट उलटा करून ठेवला आणि त्याच्यावर दप्तर ठेवलं.

"दुपारी एक ते चार आहे," ती तात्यारावांना म्हणाली. "पण कारण आहे."

तात्यारावांनी निरोप वाचला, चष्मा काढला आणि फोन लावला. पहिलं वाक्य ते नेहमीच्या आवाजात बोलले. नंतर त्यांचा आवाज उतरला. ते जास्त ऐकतच होते. हो. हो ना. किती वर्षांच्या होत्या? अच्छा. दहा-बारा मिनिटं असं चाललं. मग "काळजी घ्या" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"सासूबाईंना आमसुलाचं सार लागायचं रोज. अजून चुकून दोन वाट्या जास्त होतं म्हणे."

"आणि खाट?"

"तुझ्या पाटीवर काय लिहिलंय?" तात्याराव म्हणाले.

मग दोघं बसून राहिले. तात्यारावांनी एका वॉकरचे स्क्रू उगाच आवळले. उत्कर्षाने भूगोलाचं पुस्तक उघडलं आणि एकाच नकाशाकडे तासभर बघितलं.

साडेतीनला परत घंटी वाजली. श्यामलाबाईंनी सोबतीलाच लिहिलं होतं. 'आम्ही त्या खोलीत फारसं जात नाही. मी चादर मात्र बदलते. तात्यारावांनी खाटेचं विचारलं नाही, म्हणून मीच सांगते, आज येऊन घेऊन जा. कुणाला तरी हवी असेल.'

सोबतीने आभार मानले. यादी बघितली. पुढचं नाव काढलं. उत्कर्षाच्या खिशातला फोन थरथरला.

'नमस्कार. श्रीमती शालन रणपिसे यांच्यासाठी एक खाट राखून ठेवली आहे. आजींना लवकर आराम पडो.'

"कोण आहे?" तात्यारावांनी विचारलं, जणू त्यांना माहीतच नव्हतं.

"सोबती," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं, ते तिने भूगोलात तोंड खुपसून आटोपलं.

शनिवारी दुपारी खाट कर्वेनगरच्या दुसऱ्या मजल्यावर चढली. आजीच्या सांगण्यावरून ती खिडकीशी लावली, तिथून समोरच्या बुद्धविहाराची पायरी दिसते. टेम्पोबरोबर सौरभ आला होता आणि तात्याराव स्वतःही, हाताने नोंद बंद असतानाही. सौरभने हँडल फिरवलं, आजी हळूहळू वर आली, बाहेर बघून घेतलं आणि मग पाहुण्यांकडे वळली.

तात्यारावांनी हँडलला दोऱ्याने एक पुठ्ठा बांधला. त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेला होता. 'हँडल उजवीकडे फिरवल्यास डोक्याकडची बाजू वर येते. दुखले तर थांबावे. काम झाल्यावर कळवावे. घाई नाही.' उत्कर्षाने वाचून मान हलवली. वीसपैकी अठरा, ती म्हणणार होती. पण खाली, अगदी बारीक, आणखी एक ओळ होती. 'विनाकारण फिरवू नये.'

आजीने चष्मा लावला. पुठ्ठा जवळ ओढून सावकाश वाचला.

"विनाकारण म्हणजे?" तिने विचारलं. "दिवसातून किती वेळा?"

तात्यारावांनी खिशातून पेन काढलं.